बावीस रेकॉर्डींना दाखवलेलं ऊन

एकदा मी एका भल्या माणसाच्या बावीस रेकॉर्डी गच्चीवर गव्हाच्या शेवयांसारख्या सरगुंड्यांच्या शेजारी वाळत घातल्या होत्या. वैशाखात, आणि तेही अकोल्यात. सकाळी दहाला घातल्या, दुपारी तीनला काढल्या. अकोल्याचं वैशाखातलं ऊन ज्यानं पाहिलंय तो इथेच कपाळाला हात लावेल. ज्यानं पाहिलं नाही त्याच्यासाठी सांगते: सरगुंडे छान कडकडीत वाळले. रेकॉर्डींचे द्रोण झाले.

कोणी विचारेल, बाई, कावून? तर मी तेव्हा वीस वर्षांची होते, तेल्हाऱ्याहून नवीनच लग्न होऊन आले होते, मॅट्रिक पास होते आणि माझी अक्कल कोरी करकरीत होती, कधी वापरलेलीच नव्हती. आमच्या माहेरी वर्षातून एकदा घरातल्या झाडून सगळ्या वस्तू उन्हात निघायच्या. गाद्या, गोधड्या, डाळी, हळकुंडं, पोथ्या, बाबांचा एकुलता एक कोट. ऊन दाखवलं की बुरशी जाते, कीड जाते, कुबट वास जातो, हे एवढंच शास्त्र मला येत होतं, पण ते पक्कं येत होतं. रेकॉर्डींवर मागच्या पावसाळ्याची पांढरी बुरशी दिसली. मग काय विचारता.

त्या रेकॉर्डी आमच्या घरमालकांच्या. सारा मोहल्ला त्यांना ग्रेडरसाहेब म्हणायचा, आम्ही काकाजी म्हणायचो. कापसाची प्रत ठरवायचं काम त्यांनी जन्मभर केलं. कापसाचा पुंजका दोन्ही अंगठ्यांत धरायचा, हळूच ओढायचा, धागा किती लांब निघतो ते उजेडाकडे धरून पाहायचं आणि निळ्या पेन्सिलीनं आकडा लिहायचा. ही सवय त्यांच्या हातांना इतकी लागली होती की भाकरीचा तुकडासुद्धा ते तसाच मोडायचे, आणि काकूंकडे बघून मान हलवायचे. काकू म्हणायच्या, "आकडा नका सांगू. जेवा."

उंच, काटकुळे, धोतरावर खाकी कोट, खिशात घड्याळ आणि ती निळी पेन्सिल. बोलणं कमी. भाडं द्यायला गेलं की पैसे न मोजता कोनाड्यात ठेवायचे आणि विचारायचे, "चाल कशी हाय?" म्हणजे तब्येत कशी आहे. मी म्हणायचे, बरी आहे. मग ते माझ्या चपलांकडे बघायचे. ते माणसाच्या तोंडाकडे कधी बघतच नसत, याचा मला फार राग यायचा. मी तेव्हा दिसायला बरी होते.

त्याचं कारण पुढे कळलं. तरुणपणी ते एका विलायती कापूस कंपनीत होते. कंपनीच्या साहेबलोकांचा एक क्लब होता, आणि शनिवारी संध्याकाळी तिथे नाच व्हायचा. ग्रामोफोनची चावी फिरवायला आणि दर तीन मिनिटांनी रेकॉर्ड उलटायला काकाजींना बोलावत. ताकीद एकच होती, मडमांकडे बघायचं नाही. काकाजींनी ती ताकीद अक्षरशः पाळली. मान खाली घालून उभे राहिले आणि चार-पाच वर्षं नुसते पाय बघितले. गड्यांचे पाय, बायांचे पाय, कोणता कधी मागे जातो, टाच कुठे टेकते, कोण ठेक्याच्या आधी उडतो. सगळं पाठ झालं. साहेब देश सोडून गेले तेव्हा ग्रामोफोन आणि चहाच्या दोन खोक्यांत भरलेल्या रेकॉर्डी काकाजींना देऊन गेले.

त्यामुळे काकाजी नाचायचे ते फक्त कमरेखाली. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते. मी वाटीभर विरजण मागायला गेले होते. ओसरीत ग्रामोफोन चालू, बाजा धडधडतोय, आणि हे गृहस्थ दोन्ही हात पाठीमागे बांधून, चेहरा कोर्टातल्या जज्जासारखा करून, खाली मात्र असे काही चालले होते की धोतराचा सोगा वाऱ्यावर होता. पाय सरकतायत, मुडपतायत, मध्येच एक पाऊल विसरल्यासारखं थांबतंय आणि पुढच्यानं भरून काढतंय. वर मात्र पान हलत नव्हतं. मी विरजण न घेताच पळत आले आणि आमच्या ह्यांना सांगितलं, घर बदला, मालकाला झटका आलाय.

त्या रेकॉर्डी होत्या जॅझच्या, आणि त्यातल्याही स्विंग म्हणतात त्या तऱ्हेच्या. अमेरिकेतल्या मोठमोठ्या बँडांनी खास लोकांनी नाचावं म्हणून वाजवलेल्या. वाजवणाऱ्यांची नावं रेकॉर्डीवर इंग्रजीत छापलेली असत, पण काकाजींनी ती बाद केली होती आणि आपली ठेवली होती. एक पियानोवाला फार थोडं वाजवायचा. सगळा बँड गोंधळ घालून दमला की हा दोन बोटं टेकवायचा, टिंग टिंग, आणि गप्प. तो मुनीमजी. तुतारी वाजवणारा एक जण प्रत्येक ओळीच्या शेवटी श्वास ओढायचा, तो दमेकरी. सॅक्सोफोन नावाच्या वाकड्या नळीतून आळसावल्यासारखे सूर काढणारा, तो दुपारचा. "हा लेटून वाजवते," काकाजी सांगायचे. आणि काळ्या सनईसारखं वाद्य वाजवणारा, सगळ्यांच्या डोक्यावरून पळणारा, तो व्याही. "लग्न कोनाचंबी असो, हाच पुढं."

एकदा कॉलेजातले एक प्राध्यापक आले. त्यांना या संगीताचं ज्ञान होतं आणि ते त्यांच्याच्यानं आत राहत नव्हतं. त्यांनी मुनीमजीचं खरं नाव, गाव, कोणत्या साली कोणत्या बँडात होता, सगळं सांगितलं. काकाजींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "नाव त्याच्या बापानं ठेवलं, बराबर हाय. पर मी त्याले वळखतो."

दोन खोक्यांपैकी एकावर लिहिलं होतं "बसाच्या" आणि दुसऱ्यावर "चालीच्या". नवी रेकॉर्ड कुठल्या खोक्यात जाईल ते ठरवायची पद्धत कापसासारखीच पक्की होती. रेकॉर्ड लावायची आणि चपला घालून ओसरीत नुसतं चालायचं. टाच आपोआप टेकायला लागली की ती चालीची. नुसतीच मान डोलली तर बसाची, मग ती कितीही नावाजलेली असो. चालीची ठरली की घड्याळ काढून पाव मिनिटात किती पावलं पडतात ते मोजायचे आणि कागदी खोळीवर निळ्या पेन्सिलीनं आकडा टाकायचे. अठरा, वीस, चोवीस, तीस. चाळीसच्या वरची एक होती, तिच्या खोळीवर लिहिलं होतं, "पोराईसाठी. म्हतारा मरन."

माझी नात पुण्यात याच नाचाच्या क्लासला जाते. मागच्या दिवाळीत तिनं मोबाइलवर गाणी लावली, हळू कोणती, जलद कोणती, शिकणाऱ्यानं कुठून सुरू करावं ते मला समजावू लागली. मी ऐकत होते. मध्येच टिंग टिंग झालं. मी म्हटलं, अगं, हा मुनीमजी. तिला वाटलं आजीचं काही खरं नाही. मग मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत मोजलं आणि म्हटलं, तेहतीस, तुला झेपेल, मला नाही. आता ती मला दर आठवड्याला गाणी पाठवते आणि मी आकडे कळवते.

आता मूळ भानगडीकडे येते.

काकूंना या नाचाचं वावडं होतं. लग्न झाल्यापासून काकाजी म्हणायचे, एकदा माझ्याबरोबर चालून बघ. काकू म्हणायच्या, मी काय बंगईवरची बाहुली आहे का. बंगई म्हणजे झोपाळा. वीस वर्षं हा संवाद झाला. मग आम्ही राहायला आलो त्या वर्षी पोळ्याच्या सुमारास काकूंना अर्धांगवायूचा झटका आला. डावी बाजू गेली. तोंड सावरलं, हात बराचसा सावरला, पाय मात्र ओढावा लागे. डॉक्टर म्हणाले, चालवा. पण चालवायचं कसं? काकूंना धरलं की राग यायचा, सोडलं की तोल जायचा.

तेव्हा काकाजींनी "चालीच्या" खोक्याला हात घातला. सर्वांत हळू ती अठराची. ती लावली आणि काकूंसमोर उभे राहून दोन्ही हात पुढे केले. तो प्रसंग मी खिडकीतून पाहिलाय. पाय कसे टाकायचे ते या माणसाला चोख येत होतं, पण हात कसे धरायचे ते त्यानं कधी बघितलंच नव्हतं. त्यांनी काकूंचे हात कापसाचा नमुना धरावा तसे अंगठ्यांत धरले. काकू म्हणाल्या, "वढू नका, तुटन." मग सकाळ-संध्याकाळ ओसरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. दसऱ्याला अठरा, संक्रांतीपर्यंत वीस.

वीसवर मात्र गाडी अडली. ठेका कसा घड्याळासारखा. काकूंचं उजवं पाऊल वेळेवर पडायचं, डावं उशिरा यायचं. मग त्या घाई करायच्या, अडखळायच्या, चिडायच्या आणि खाली बसायच्या. "हे गानं माया मांगं लागल्यावानी करते," म्हणायच्या. आणि इकडे काकाजी-काकूंच्या लेकीचं लग्न ठरलं होतं, ज्येष्ठात, अमरावतीला, वराकडच्या मांडवात. काकूंनी सांगून टाकलं होतं की लेकीच्या मांडवात मी खुर्चीवर बसून जाणार नाही. कोणाच्या हाताला धरूनही जाणार नाही. चालता आलं तर येईन, नाही तर घरीच राहीन. काकूंना ओळखणाऱ्या कोणालाही ती नुसती धमकी वाटली नाही. लेक रोज रडायची.

लग्नाला वीस दिवस होते. काकाजी लेकीला घेऊन दोन दिवस लग्नाच्या तयारीसाठी अमरावतीला गेले आणि जाताना मला म्हणाले, काकूकडे लक्ष ठेव. मी ठेवलंही. त्यांना आंघोळ घातली, वेणी घातली, वरणभात दिला आणि त्या जरा पडल्या तेव्हा मला वाटलं, एवढ्यानं काय होतंय, असं काही करावं की काकाजींनी आल्यावर एकदा तरी माझ्या तोंडाकडे बघावं. "चालीच्या" खोक्यातल्या बावीसच्या बावीस रेकॉर्डी खोळींतून काढल्या. आकडे लिहिलेल्या खोळी एकावर एक रचून बाजूला ठेवल्या, नीट, कोणती खोळ कोणाची हे कायमचं कळू नये इतक्या नीट. रेकॉर्डी ओल्या फडक्यानं पुसल्या आणि गच्चीवर काही फरशीवर आडव्या, काही कठड्याला टेकून उभ्या, काही सुपावर.

तीन वाजता वर गेले तर उभ्या होत्या त्या बसल्या होत्या. सुपावरच्यांनी सुपाचा आकार घेतला होता. मी घाबरून एक उचलून पाट्याखाली सपाट करायला गेले. टक् असा एकच आवाज झाला. बावीसच्या एकवीस झाल्या.

काकाजी दुसऱ्या दिवशी आले. मी सगळ्या रेकॉर्डी त्यांच्या ओसरीत मांडून दाराआड रडत उभी होते. त्यांनी एक उचलली, डोळ्यासमोर आडवी धरली, कडेवरून अंगठा फिरवला. मग दुसरी, मग तिसरी. सगळ्या बघून झाल्यावर विचारलं, "ऊन किती वाजता देल्लं?"

"दहाले."

"आन् काहाडल्या?"

"तीनले."

त्यांनी ते निळ्या पेन्सिलीनं भिंतीवर लिहिलं आणि आत गेले. चार दिवस माझ्या चपलांकडेसुद्धा बघितलं नाही. आमचे हे दुसरी खोली बघायला लागले. मी इतकी रडले की काकूंनीच आतून हाक मारली आणि बजावलं, रेकॉर्डीवर पाणी पाडू नको, आता तेवढंच राहिलंय.

पाचव्या दिवशी काकाजींनी खिडकीच्या दोन काचा काढल्या. वाकलेली रेकॉर्ड दोन काचांमध्ये ठेवायची, उन्हात मोजून काही मिनिटं, मऊ पडली की वरून दाबायची, आणि ओल्या पोत्यावर सावलीत निववायची. मला समोर बसवलं, हातात घड्याळ दिलं आणि मिनिटं मोजायला लावली. नऊ रेकॉर्डी वाचल्या. त्या वाजवून, ओसरीत चालून, पुन्हा मोजून त्यांनी आपापल्या खोळींत घातल्या. पण त्या सगळ्या जलद निघाल्या. अठराची म्हणजे तीच, जी पाट्याखाली गेली. वीसची काही केल्या पूर्ण सपाट होईना. तिच्यात एक लाट राहिलीच.

तरी ती लावली, कारण दुसरं लावायला काही नव्हतंच. सुई चढावर चढायची, उतारावर घसरायची. गाणं मध्येच खाली बसायचं, जड व्हायचं, पुन्हा सावरून उठायचं. दमेकरी खराच दमेकरी झाला होता. मुनीमजीची दोन टिंग टिंग एकमेकांपासून लांब जाऊन पडत होती. मी कानांवर हात ठेवले. काकाजींनी सुई उचलायला हात पुढे केला.

तेवढ्यात काकू उठल्या होत्या. आपण होऊन, खांबाला धरून. मग खांब सुटला. उजवं पाऊल, आणि डावं त्याच्या वेळेनं, ओढत. पण आता कोण चुकतंय ते कळायला मार्गच नव्हता. काकूंचं पाऊल रेंगाळलं की गाणंही कुठेतरी रेंगाळलेलं असायचं. घाई करायला कोणी मागे लागलं नव्हतं. त्या ओसरीच्या त्या टोकाला गेल्या, वळल्या आणि परत आल्या. रेकॉर्ड संपेपर्यंत. काकाजी हात तसाच पुढे धरून उभे होते, आणि त्या दिवशी ते पायांकडे बघत नव्हते, काकूंच्या तोंडाकडे बघत होते.

त्यानंतर दहा-बारा दिवस आमच्या कानांना दुसरं काही ऐकू आलं नाही.

लग्नाच्या दोन दिवस आधी आम्ही एस्टीनं अमरावतीला निघालो. ग्रामोफोन काकाजींच्या मांडीवर. रेकॉर्ड दुलईत गुंडाळून माझ्या मांडीवर. "तुह्यानं वाकली, तूच सांभाळ." मूर्तिजापूरपासून ऊन माझ्या बाजूनं आलं. मी बडनेऱ्यापर्यंत पदरानं त्या रेकॉर्डीला सावली केली, स्वतःच्या तोंडाला नाही. मांडवात उतरले तेव्हा अर्धा चेहरा वांग्यासारखा होता.

ग्रामोफोनचा आवाज मांडवात कोणाला ऐकू जाणार? म्हणून काकाजींनी लग्नाच्या बँडवाल्यांना गाठलं. काळी सनई, तुताऱ्या, ढोल, सगळं होतंच त्यांच्याकडे. रेकॉर्ड ऐकवली. बँडमास्तर अदबीनं म्हणाला, काकाजी, रेकॉर्ड बिघडली हाय. काकाजी म्हणाले, बिघडली नाही, मेहनतीनं बिघडवली हाय, तशीच वाजवा. सनईवाल्याला जमलं. ढोलवाल्याला जमेना. बिचाऱ्याचा हात जन्मभर बरोबर पडत आला होता, चुकीचा कसा पाडायचा ते त्याला समजेना. दोन संध्याकाळी गेल्या. शेवटी काकाजी काकूंकडे बोट दाखवून त्याला म्हणाले, "रेकॉर्ड सोड. कोनाच्या तोंडाकडं पाहू नको. थे चालली का तिचे पाय पाह्य."

फाटकापासून मांडवापर्यंत चाळीसेक पावलं असतील. काकू हिरवं लुगडं नेसल्या होत्या. बँड सुरू झाला तसे वराकडचे लोक एकमेकांकडे बघायला लागले. कोणीतरी म्हणालंच, बँडवाले सकाळीच घेऊन आले वाटते. ढोलवाल्याची नजर जमिनीवर. काकाजी काकूंच्या समोर, उलटं चालत, हात पुढे केलेले पण धरलेले नाहीत. काकू निघाल्या. मी मागून चालले होते आणि मोजत होते. मला दुसरं काही करता येत नव्हतं. पाव मिनिटात अकरा पावलं. कधी नऊ. एकदा त्या मधोमध थांबल्या. ढोल थांबला. सनईनं एकच सूर धरून ठेवला, लांब, आणि काकूंचं डावं पाऊल सावकाश पुढे आलं तसा ढोलावर हात पडला.

त्या लेकीजवळ पोचल्या. पाटावर बसल्या. लेकीला जवळ घेतलं, तिचे डोळे पुसले, रागावल्या, मग मला खुणेनं बोलावलं. माझा वांग्यासारखा चेहरा त्यांनी नीट न्याहाळला. मी पायाशी बसून तेव्हा पहिल्यांदाच माफी मागितली, कारण इतके दिवस मागायचा धीर झाला नव्हता. त्यांनी माझा पदर सारखा केला आणि म्हणाल्या,

"वीस वर्षं हा मानूस मले म्हने, गान्यासंग चाल. आज पह्यल्यांदा गानं मायासंग चाललं. घरी गेल्यावर त्या नऊ रेकॉर्डीलेबी एक दिवस ऊन दाखवजो."